उजवीकडची सीट

सत्तावीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवली, तीही शेजारच्या सीटवर बसून. आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग असतं उजवीकडे. तिथे शिकणारा बसायचा. मी डावीकडे. माझ्या पायाखाली जादा ब्रेक, जादा क्लच, आणि समोर चालवायला काही नाही, नुसता डॅशबोर्ड आणि त्यावर माझी पर्स. शिकणाऱ्याचं काही चुकतंय असं दिसलं की मी ब्रेक दाबायची आणि उजवा हात लांब करून त्याचं स्टिअरिंग धरायची. हे अंगात इतकं मुरलं होतं की नवऱ्याने तिसऱ्यांदा मीठ मागितलं तरी टेबलाखाली माझा पाय दाबला जायचा. गल्लीत मला नावाने कोणी ओळखत नसे. सगळे 'ब्रेकबाई' म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

बाराशेच्या वर माणसं माझ्या हाताखालून शिकून गेली. बँकेतले साहेब, नव्या सुना, सत्तरीतले एक हट्टी काका. एक बाई तर गिअर बदलताना डोळे मिटायच्या, त्यांनाही मी लायसन्स मिळवून दिलं. शिकली नाही ती एकच, माझी लेक.

ती अठराची झाली त्याच आठवड्यात मी तिला गाडीत बसवलं. चार दिवस टिकली. चौथ्या दिवशी पुलावर समोरून बस आली. लेकीने गाडी व्यवस्थित कडेला घेतली होती, हे मला आज कळतं. तेव्हा मात्र मी ब्रेकही दाबला आणि हात घालून स्टिअरिंगही ओढलं. गाडी पुलाच्या मधोमध बंद पडली, मागे हॉर्नचा नुसता गदारोळ. लेकीने पट्टा सोडला. दार उघडून उतरली आणि घराच्या दिशेने चालू लागली. मी तीन किलोमीटर तिच्या बाजूने पहिल्या गिअरमध्ये गाडी चालवत होते, काच खाली करून, "अगं बस, लोक बघतायत," असं म्हणत. तिने एकदाही मान वळवली नाही.

त्यानंतर माझ्या गाडीत ती बसली ती मागे, वडिलांच्या शेजारी. पुढे नोकरीसाठी परदेशी गेली, तिथे कुणा परक्याकडून गाडी शिकली, पहिल्या फटक्यात पास झाली आणि लायसन्सचा फोटो पाठवला. मी उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि मग बराच वेळ ओट्याशी उभी राहिले. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. इथे सोनार मीच होते, आणि घरातलेच दोन कान तेवढे माझ्याकडून टोचून झाले नाहीत.

पुलावरच्या त्या दिवसानंतर तेरा वर्षांनी तिला फिट आली. एकटीच राहते ती, लग्नाचा विषय काढायचा नाही असा आमचा करार आहे. भांडी घासताना पडली. खालच्या मजल्यावरच्या बाईंना आवाज आला म्हणून बरं, नाहीतर पुढचं मी मनातसुद्धा आणत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दोन गोष्टी बजावल्या: झोप भरपूर हवी, आणि वर्षभर फिट आली नाही तर पुढचं बघू, तोवर गाडीला हात लावायचा नाही.

कागदपत्रं होताहोता महिना गेला आणि मी वर्षभर राहायची परवानगी घेऊन तिच्याकडे पोचले. हे घरीच राहिले. यांना वरण-भातापुरता स्वयंपाक येतो आणि गाडी तर सोडाच, सायकलही येत नाही. ब्रेकबाईचा नवरा जन्मभर मागच्या सीटवर बसला, पण त्यांना त्याचं कधी काही वाटलं नाही.

लेकीची प्रयोगशाळा घरापासून तेवीस किलोमीटरवर. तिथे औषधांचे नमुने तपासतात. आजूबाजूला शेतं, बस नाही, रेल्वे नाही. रोज टॅक्सी करायची तर पगार सरळ टॅक्सीवाल्याच्याच घरी पोचवायचा. सध्या तिथलीच एक मैत्रीण तिला न्यायची-आणायची. पण मैत्रिणीला सहावा महिना लागलेला, अडीच महिन्यांनी ती रजेवर जाणार. साहेबांनी सांगून ठेवलं होतं की यंत्रं घरी नेता येत नाहीत, तेव्हा येणं जमणार नसेल तर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. नोकरी गेली की इथे राहायची परवानगीही गेली. ज्या कामासाठी चार वर्षं वाट पाहिली, अर्ज केले, नकार पचवले, ते सोडून बॅग भरून परत.

"मग मी चालवीन की," मी म्हणाले.

लेकीने माझ्याकडे बघितलं. "आई, इकडचं लायसन्स काढावं लागेल. परीक्षा देऊन."

"मला? परीक्षा?"

"हो, तुला. आणि इकडे गाड्या उजव्या बाजूने चालतात."

"म्हणजे स्टिअरिंग डावीकडे. माझी हक्काची सीट."

ती हसली नाही. "दुसरं कोणी नाहीये, म्हणून हो म्हणते," एवढं म्हणाली आणि गोळी घ्यायला उठली.

लेखी परीक्षा मी पार केली. पाट्या, अंतरं, कोणी कोणाला आधी जाऊ द्यायचं, सगळं पाठ. मोडक्या इंग्रजीत का होईना, चाळीसपैकी अडतीस. मग प्रत्यक्ष गाडी. शिकवायला जो आला त्याच्या डोक्यावर घरातही काढत नसेल अशी टोपी होती, म्हणून तो आमच्यापुरता टोपीवाला. माझ्या लेकीच्या वयाचा. त्याच्या गाडीत उजव्या सीटच्या पायाशी जादा ब्रेक होता. मी तो लगेच ओळखला.

टोपीवाल्याने सांगितलं की तुमच्याकडची माणसं पहिल्या दिवशी हमखास चुकीच्या दाराशी जातात. मी रुबाबात डावं दार उघडून बसले. पर्स डॅशबोर्डवर ठेवली. ती घसरून मांडीवर आली, कारण मधे स्टिअरिंग होतं.

पहिल्या चौकापर्यंत ठीक गेलं. चौकात मी थांबले. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, रस्ता मोकळा होता. मी वाट बघत बसले. टोपीवालाही वाट बघत बसला. मागच्या गाडीने दिवे मारले. शेवटी मी त्याला म्हणाले, "हं, घ्या पुढे. घाबरू नका." तेही मराठीत. गाडी उजवीकडचा माणूस चालवतो हे माझ्या डोक्यातून जाईना. शेजारी हात मांडीवर ठेवून शांत बसलेला विद्यार्थी मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

तेही एक वेळ चाललं असतं. खरी पंचाईत डाव्या बाजूची होती. डाव्या सीटवर बसलं की माझ्या डाव्या हाताला, दोन फुटांवर, फूटपाथ असायचा. सत्तावीस वर्षं तो तिथे होता. त्याच्याकडे बघूनच मी गाडी कुठे आहे ते ओळखायची. इथे त्याच जागी रस्त्याची मधली रेघ, आणि रेघेपलीकडून माझ्याच अंगावर येणारे ट्रक. मी नकळत डावीकडे सरकायची, फूटपाथ शोधत. आणि मग खाड्कन गाडी थांबायची. मी थांबवलेली नसायची.

हा प्रकार मला नवा होता. माझा पाय ब्रेककडे निघालेलाच असायचा. मी बघितलेलं असायचं, मला कळलेलं असायचं, फक्त अर्धा क्षण हवा असायचा. तेवढ्यात शेजारचा पाय दाबायचा, आणि माझ्या पायाखालचा ब्रेक आपोआप खाली जायचा. टोपीवाला सभ्य होता, दर वेळी 'सॉरी' म्हणायचा. पण तासाच्या शेवटी माझी अवस्था अशी व्हायची की समोर रिकामा रस्ता असला तरी मला वाटायचं, आपलं काहीतरी चुकतंय आणि ते याला दिसतंय, आपल्याला नाही. मी कधीच कोणाला 'सॉरी' म्हटलं नव्हतं.

घरी आले की लेक विचारायची, "आज किती वेळा दाबला त्याने?"

"अकरा."

"बरंय," ती म्हणायची आणि भाजी चिरायला घ्यायची. त्या 'बरंय'मध्ये काहीतरी होतं, पण मी विचारलं नाही.

दीड महिन्यात अकराचे चार झाले, चाराचा एक, आणि एक दिवस टोपीवाल्याने दोन्ही पाय मागे घेऊन सफरचंद खाल्लं. तेव्हा मी परीक्षेची तारीख घेतली.

परीक्षक मध्यमवयीन, चष्मेवाले, कमी बोलणारे. उजवीकडे बसले, हातात टॅब्लेट, त्यावर गुण टिपायचे. मी पंचवीस मिनिटं अशी गाडी चालवली की माझ्याच क्लासात मी मला पैकीच्या पैकी दिले असते. परतताना शाळेजवळच्या वळणावर एका उभ्या व्हॅनमागून अचानक सायकल आली. मी ब्रेक बरोबर दाबला. गाडी वेळेत थांबली, सायकलवाला गेलासुद्धा. पण माझा उजवा हात माझ्या ताब्यात नव्हता. तो स्टिअरिंग सोडून सरळ उजवीकडे गेला, सत्तावीस वर्षं गेला होता तसा, विद्यार्थ्याचं स्टिअरिंग धरायला. तिथे स्टिअरिंग नव्हतं, परीक्षकांचा टॅब्लेट होता. मी तो घट्ट धरला आणि डावीकडे वळवला.

परीक्षकांनी एक बाजू धरली होती, मी दुसरी. आम्ही दोघं क्षणभर तसेच बसलो. मग ते हळूच इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, हा मला लागेल."

आणीबाणीत स्टिअरिंगवरचा हात सुटला, म्हणून नापास. पुढची तारीख दोन आठवड्यांनी. मैत्रिणीची रजा सतरा दिवसांनी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. तीही परीक्षा हुकली तर तिसरीला वेळच उरत नव्हता.

यांचा फोन आला. आधी खूप हसले. "तुझा विद्यार्थी असता तर त्याला तू काय सांगितलं असतंस?"

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं सांगितलं असतं."

"मग उपयोग नाही," हे म्हणाले. "तू पोरीकडून का शिकत नाहीस? तिथली गाडी तिला येते. तुझ्याबरोबर बसायला कसं वाटतं तेही तिलाच ठाऊक आहे."

संध्याकाळी लेक आली. मी सांगितलं. हसेल असं वाटलं होतं, पण ती खुर्चीवर बसली आणि बूटही न काढता खिडकीकडे बघत राहिली. डोळ्यांखाली काळं आलं होतं. रात्ररात्र झोपत नव्हती ती, मला भिंतीपलीकडून कूस बदलल्याचे आवाज ऐकू यायचे. डॉक्टर झोप म्हणतात आणि काळजी झोपू देत नाही.

"साहेबांना आजच सांगून टाकते," ती म्हणाली. "त्यांनाही माणूस शोधायला वेळ मिळेल."

"दोन आठवडे थांब."

"आई, दोन आठवड्यांत तुझा हात बदलणार आहे का? पुलावर हाच हात होता."

तेरा वर्षांत तिने पुलाचं नाव पहिल्यांदा काढलं.

"तू तेव्हा बरोबर चालवत होतीस," मी म्हणाले. "मला हे त्याच दिवशी कळायला हवं होतं."

"मी मोजले होते," ती म्हणाली. "अर्ध्या तासात एकतीस ब्रेक. तुझे. मी पाय टाकायच्या आधीच गाडी थांबायची. मला वाटायचं, आईने इतक्या जणांना शिकवलं, म्हणजे खोट माझ्यातच आहे. इकडे पहिल्यांदा गाडी चालवली ना, तेव्हा त्या माणसाने एकदाही ब्रेक मारला नाही. मी घरी येऊन रडले होते. त्याने मारला नाही म्हणून."

मी खरं होतं ते सांगितलं. "बाकीची लोकांची पोरं होती गं. त्यांच्या वेळी माझा पाय थांबायचा. तुझ्या वेळी नाही थांबला. तुला काही होईल म्हणून मी इतकी घाबरले होते, आणि ते तुला दिसू नये म्हणून ओरडत होते. चुकलं माझं. माफ कर."

ती मग उठली, स्वयंपाकघरात गेली, भांड्यांचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात डाळ शिजवायचं मोठं पातेलं होतं.

"चल," ती म्हणाली. "किल्ली घे."

आमच्या इमारतीमागे, त्याच फाटकाच्या आत, ऑफिसांचं मोठं पार्किंग आहे, संध्याकाळी सगळं रिकामं होतं. राखणदाराला तिने जाताजाता विचारलं. आवाराबाहेर जायचं नाही, एवढीच त्याची अट. तिची गाडी तीन महिने जागेवर उभी होती. मी डावीकडे बसले, ती उजवीकडे. आणि मांडीवर पाण्याने काठोकाठ भरलेलं पातेलं.

"हात माझ्याकडे आला तर मी भिजणार," ती म्हणाली. "ब्रेक खाड्कन दाबलास तरी मी भिजणार. आता बघू तुझी माया."

पहिल्या दिवशी ती गळ्यापर्यंत भिजली. मी एका रेघेवरून वळत होते, ती मधेच "सायकल!" असं ओरडायची, मी दचकायची, हात सुटायचा, पातेल्याला लागायचा. राखणदार लांबून बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याने खुर्ची आणली. तिसऱ्या दिवशी लेक रेनकोट घालून आली आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की गाडी बंद करावी लागली. किती वर्षांनी आम्ही एकत्र हसलो होतो, कोण जाणे.

ती शिकवायची चांगली. रागवायची नाही. चुकलं की थोडं थांबायची आणि म्हणायची, "काय दिसलं तुला? मोठ्याने सांग." हा माझाच धडा. मी विद्यार्थ्यांना सांगायची की जे दिसतं ते बोला, बोललं की हात शांत राहतो. तेव्हाच्या त्या चार दिवसांत तिने तेवढा उचलला होता, बाकी सगळं सोडून. मग मी बोलत चालवायला लागले. "पुढे वळण. उजवीकडे खांब. डावीकडे रेघ, रेघ माझी नाही, रेघेपलीकडचं जग माझं नाही. हात इथेच. दोन्ही इथेच." फूटपाथ आता लेकीच्या बाजूला होता. मी एकदा विचारलं, "तुझ्या बाजूला किती जागा आहे गं?" ती म्हणाली, "पुरेशी आहे. आहे म्हटलं ना मी." त्यानंतर मी विचारणं सोडलं. बाराव्या दिवशी पातेलं भरलेलं गेलं आणि भरलेलं आलं. लेकीने ते पाणी राखणदाराच्या कुंडीत ओतलं.

दुसऱ्या परीक्षेला तेच परीक्षक आले. त्यांनी मला ओळखलं, कारण बसल्याबसल्या त्यांनी टॅब्लेट दाराच्या बाजूला सरकवला. मी अर्धा तास तोंडातल्या तोंडात मराठीत बोलत होते. बाजारापाशी एक मुलगी चेंडूमागे रस्त्यावर आली. मी हळूच थांबले. उजवा हात निघायच्या बेतात होता. पण जागेवरच राहिला. परीक्षकांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि काहीतरी टिपलं.

शेवटी ते म्हणाले, "तुम्ही सारखं काय पुटपुटत होता? प्रार्थना?"

"मुलीने शिकवलंय," मी म्हणाले, आणि त्यांनी सही केली.

सोमवारी सकाळी आम्ही दोघी निघालो. खरा रस्ता, खऱ्या गाड्या, तेवीस किलोमीटर. लेक उजवीकडे बसली, पट्टा लावला, बॅग छातीशी धरली. मला वाटलं होतं आता सगळं मिटलं. पण पहिल्याच सिग्नलला मी खाली बघितलं तर तिचा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबलेला.

"तिकडे ब्रेक नाही गं," मी म्हणाले.

"माहितीये. आईवर गेलेय."

पुढे एक अरुंद पूल लागतो. नेमकी समोरून बस आली. लेकीने बॅग इतकी आवळली की बोटं पांढरी पडली. मी वेग कमी केला, गाडी उजव्या कडेला घेतली. "समोर बस. डावीकडे रेघ. जागा आहे. दोन्ही हात इथेच." बस निघून गेली. आम्हीही गेलो. पुलापलीकडे पोचल्यावर तिने श्वास सोडला आणि मी पण. प्रयोगशाळेच्या दारात ती उतरली, दोन पावलं गेली, परत आली आणि काचेतून वाकून म्हणाली, "सकाळपासून एकही नाही."

"एकही काय?"

"खाड्कन," असं म्हणून ती आत गेली.

संध्याकाळी तिला आणायला गेले. ऊन अजून होतं. ती दमलेली दिसत होती. बसली, पट्टा लावला, नमुन्यांबद्दल काहीतरी सांगायला लागली, आणि वाक्याच्या मधेच गप्प झाली. पूल यायचा होता. मी समोर बघत म्हणाले, "हं, मग?" उत्तर आलं नाही.

फिट असेल का, हाच पहिला विचार. सिग्नल लाल झाला तसं मी वळून बघितलं. तिचं डोकं खिडकीकडे कललं होतं, तोंड किंचित उघडं, श्वास एकसारखा, हात मांडीवर सैल. बॅग पायाशी पडलेली. पाय कुठेच दाबलेला नव्हता. ती झोपली होती. लहानपणी ताप उतरल्यावर झोपायची, तशी.

सत्तावीस वर्षांत उजवीकडच्या सीटवर कोणाचे डोळे नुसते मिटले तरी मी किंचाळले असते. आता लेक तिथे झोपली होती, माझ्या भरवशावर, आणि माझ्या डोळ्यांना सारखी धार लागत होती. सिग्नल लालच होता. माझा उजवा हात तिच्याकडे निघाला. या वेळी मी त्याला जाऊ दिलं. तिच्या कपाळावर आलेले केस मी मागे सारले, हिरवा दिवा लागायच्या आत हात स्टिअरिंगवर परत आणला, आणि पूल ओलांडला. समोरून काय काय आलं ते तिला कळलंसुद्धा नाही.

इमारतीचं फाटक आलं. गाडी उभी केली असती तर ती जागी झाली असती. क्लास चालवत होते तेव्हा मी कोणाला तासाच्या वर पाच मिनिटंही दिली नाहीत, माणसं किती विनवायची. मी फाटकापाशी वेग कमी केला, राखणदाराला हात केला आणि सरळ पुढे गेले.

तिसऱ्या वळणावर ती झोपेतच पुटपुटली, "आलो का गं?"

"नाही अजून," मी म्हणाले. "लांब आहे. झोप तू."